चित्राखाली नाव कुणाचं?

आजच्या गप्पांचा विषय आहे प्रदर्शन. साड्यांचा सेल नाही, की ट्रॅक्टर-औतांचं कृषी प्रदर्शनही नाही. चित्रांचं आणि हातानं केलेल्या कलाकुसरीचं प्रदर्शन. जिथं ते भरतं त्या जागेला कलादालन म्हणतात. बऱ्याच कलादालनांत तिकीट लागत नाही. दार उघडं असतं, कुणीही जावं, बघावं, परत यावं.

आपल्या नगर शहरातही महावीर कलादालन आहे. चित्रकार आणि शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी तिथं भिंतीवर नुसत्या पेन्सिलीनं शेकडो थोर माणसांचे चेहरे काढले आहेत. नगरला आपण दवाखान्यात जातो, कोर्टकचेरीला जातो, बाजाराला जातो, माळीवाड्याच्या स्टँडवर तास तासभर एसटीची वाट बघत बसतो. पण कलादालनात गेलेल्या आपल्यात किती निघतील? आत जायला संकोच वाटतो. ते शिकल्यासवरलेल्यांचं काम, असं आपण धरून चालतो. आणि दुसरीकडे सकाळी उठून दारात रांगोळी काढतो, नागपंचमीला भिंतीवर नाग काढतो, पोळ्याला मातीचे बैल करतो, लेकीच्या रुखवतासाठी महिनाभर खपतो. त्याला मात्र आपण कला म्हणत नाही, घरकाम म्हणतो.

म्हणून आज आम्ही ठरवलं की चित्रांचा थोडा इतिहास सांगायचा. चित्रं कुणाची होती, ती कुठं लागली, कुणी बघितली आणि त्यांच्याखाली नाव कुणाचं लागलं, एवढ्यापुरताच.

सुरुवात आपल्या नगरपासूनच करू. साडेचारशे वर्षांपूर्वी इथं निजामशाही होती. हुसेन निजामशहा हा तिथला सुलतान. चांदबीबीचे हे वडील. चांदबीबी आपल्याला ठाऊक आहे, मुघलांच्या फौजेपुढं नगरचा किल्ला लढवणारी. पण तिच्या आईचं नाव आपल्यातल्या फार थोड्या जणींनी ऐकलं असेल. तिचं नाव खुंझा हुमायून. १५६५ च्या सुमारास नगरच्या दरबारात एक फारसी काव्यग्रंथ तयार झाला, ‘तारीफ-ए-हुसेनशाही’. आफताबी नावाच्या कवीनं तो लिहिला. त्यात सुलतानाचं कौतुक आहे आणि सोबत सुंदर रंगीत चित्रं आहेत. आज हा ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातली बारा चित्रं शिल्लक आहेत.

या चित्रांत राणी सुलतानाच्या अगदी जवळ बसलेली दाखवली होती. त्या काळात हे फारच वेगळं होतं. दरबारी चित्रात राणीला असं मानानं, समोरासमोर दाखवण्याची रीत नव्हती. सुलतान वारला तेव्हा मुलगा मुर्तझा लहान होता, म्हणून काही वर्षं खुंझा हुमायूननं राज्य चालवलं. मुलगा मोठा झाला, दरबारातले सरदार तिच्या विरुद्ध गेले आणि तिला कैदेत टाकलं. पुढं त्या ग्रंथातली तिची चित्रंही पुसली गेली. कुठं रंग फासला, कुठं आकृती खरवडली. सुलतान तसाच बसलेला आहे आणि शेजारी डाग आहे. अभ्यासकांनी तो डाग बारकाईनं पाहिला, म्हणून आज आपल्याला कळतं की तिथं एक बाई होती.

ती राणी होती, तरीही तिची ही गत झाली. आणि ती चित्रंही राजवाड्यातली, बघणारी माणसं मोजकीच. मग चित्रं सगळ्यांसाठी उघडी कधी झाली?

त्यासाठी थोडं लांब, सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊ. यमाई देवीला आपल्यातल्या काही जणी गेल्या असतील. औंध हे एक लहानसं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. आयुष्यभर त्यांनी चित्रं, मूर्ती, हस्तिदंती काम, नाना वस्तू जमवल्या. आपल्याजवळचं हे सगळं वाड्यात कुलूपबंद न ठेवता त्यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. त्याच सुमारास त्यांनी संस्थानचा कारभारही गावोगावच्या पंचायतींच्या हाती द्यायला घेतला. चित्रं मुंबई-पुण्यात नव्हे, एका खेड्यात ठेवली. देवीला जाणारी माणसं जाता येता ती बघू शकतात. राजा रविवर्म्याचं चित्र बघायला शहरात जायची गरज उरली नाही.

मुंबईत मोठं दार उघडलं ते १९५२ मध्ये. काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली. सर कावसजी जहांगीर यांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. बघायला येणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, ही तिथली पद्धत आजही आहे. हमालानं यावं, कॉलेजच्या पोरीनं यावं, गावाहून आलेल्या पाहुण्यानं यावं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलं की तिथून ती फार लांब नाही.

पण इथं एक गोष्ट नीट समजून घेऊ. बघणाऱ्याला दार फुकट असतं, पण भिंतीवर चित्र लावायचं तर गोष्ट वेगळी. चित्रकाराला अर्ज करावा लागतो, समिती निवड करते, दालनाचं भाडं भरावं लागतं आणि जहांगीरसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. म्हणून त्या गॅलरीबाहेरच्या फूटपाथवर कितीतरी चित्रकार आपली चित्रं मांडून उभे असतात. दार उघडं झालं म्हणजे भिंत मिळाली असं होत नाही. आणि भिंत मिळाली म्हणजे नाव मिळालं असंही होत नाही. याचा पुरावा बायकांच्याच चित्रांत आहे.

बिहारमध्ये मिथिला म्हणून भाग आहे, सीतेचं माहेर. तिथल्या बायका लग्नाच्या वेळी नव्या जोडप्याच्या खोलीच्या भिंतीवर चित्रं काढतात. कमळ, बांबू, मासे, पोपट, देवदेवता. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे हे चालत आलेलं. १९३४ मध्ये तिथं मोठा भूकंप झाला, घरं पडली आणि आतल्या भिंती उघड्या पडल्या. तेव्हा आर्चर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं ही चित्रं पाहिली आणि बाहेरच्या जगाला सांगितली. पुढं १९६६-६७ ला तिथं भयंकर दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडं पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिले. भिंतीवर काढता तेच कागदावर काढा, ते विकलं जाईल, घरात चार पैसे येतील, असं सांगितलं.

दुष्काळ म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडच्या बायकांनी रोजगार हमीवर खडी फोडली. मिथिलेच्या बायकांना खडीऐवजी कागद मिळाला. आणि महत्त्वाचं म्हणजे त्या कागदाबरोबर त्यांची नावंही पुढं आली. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. मग सीता देवी, गंगा देवी. गंगा देवींनी कॅन्सरवर उपचार घेताना दवाखान्यात जे पाहिलं, त्याचीसुद्धा चित्रं काढली. दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक अख्खी खोली रंगवली होती. २०१५ च्या सुमारास त्या इमारतीच्या दुरुस्तीत ती खोली गेली. देशातल्या कलावंतांनी त्यावर मोठा संताप केला. संताप झाला, कारण ती खोली गंगा देवींची आहे हे लोकांना माहीत होतं. नाव ठाऊक नसतं, तर जुना रंग काढून नवा दिला, एवढंच लोकांना वाटलं असतं.

आता आपल्या महाराष्ट्रात या. डहाणू, तलासरी, जव्हारकडचे वारली लोक. त्यांची पांढरी चित्रं आपण साड्यांवर, कपांवर, शाळांच्या भिंतींवर बघतो. त्रिकोणाची माणसं, गोल फेर धरून नाचणारी. ही चित्रं मुळात लग्नातली. लग्नाच्या घरात भिंत शेणानं सारवून, गेरूनं रंगवून त्यावर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा, ते काम सवाष्णींचं. चौकाच्या आत पालघट देवी. चौक झाला की धवलेरी गाणी म्हणते. धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई. म्हणजे चित्रही बायकांचं, विधीही बायकांचा.

मिथिलेत गेलेले भास्कर कुलकर्णीच १९७० नंतर वारली पाड्यांवर आले. त्यांनी इथंही कागद दिले. बायका लाजल्या, मागं सरल्या आणि जिव्या सोमा म्हसे नावाचा एक माणूस पुढं आला, असं सांगतात. म्हसे डहाणूजवळच्या गंजाडचे. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांचं बोलणं थांबलं होतं आणि ते मातीत चित्रं काढत, अशी त्यांची गोष्ट. त्यांच्या हातात विलक्षण कसब होतं. लग्नाच्या चौकाबाहेर पडून त्यांनी शेत, मासेमारी, मुंग्या, पाऊस, सगळं जगणं कागदावर आणलं. १९७५ मध्ये मुंबईत जहांगीरच्याच इमारतीतल्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसला लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले.

म्हसे मोठेच कलावंत, त्यात शंका नाही. त्यांच्यामुळंच वारली चित्रं जगाला कळली. त्यांनी कुणाचं काही हिसकावून घेतलं असंही नाही. पण ज्यांनी शेकडो वर्षं हा चौक जपला, त्या सवाष्णींची नावं विचारली तर सांगता येत नाहीत. लग्न झालं, पावसाळे गेले, भिंत पुन्हा सारवली, चित्र गेलं आणि काढणारीही गेली. आज वारली बाया-पोरी कागदावर, कापडावर चित्रं काढतात, खाली सही करतात. पण त्यांच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्या कोऱ्याच राहिल्या. आपण विचार करावा असं यात खूप आहे. मिथिलेत बायकांनी कागद हातात घेतला आणि त्यांची नावं राहिली. इथं बायका मागं सरल्या आणि त्यांची नावं गेली.

मागं सरणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. “अगं, त्यात काय एवढं, जुन्या चिंध्या जोडल्यात,” असं आपण आपल्या गोधडीविषयी म्हणतो. म्हणून आता एका परदेशी गोधडीची गोष्ट सांगतो.

अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथं नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथली काळी माणसं पूर्वी गुलाम होती, कापसाच्या शेतात राबणारी. गुलामी संपली तरी गरिबी होतीच. थंडी कडाक्याची, घराला फटी. मग तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. अगदी आपल्यासारख्याच. तिथं मिसुरी पेटवे नावाच्या एका बाईचा नवरा गेला, तेव्हा १९४२ मध्ये तिनं त्याचे शेतातले जुने कपडे घेऊन गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी, त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून. सासूच्या लुगड्याची, गेलेल्या माणसाच्या धोतराची गोधडी आपल्याही घरात असते. ही गोष्ट कुणी आपल्याला समजावून सांगायला नको.

१९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी गोधड्या विकण्यासाठी एक सहकारी संस्था काढली, आपल्या बचत गटासारखीच म्हणा. आणि २००२ मध्ये त्यांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या. अंथरुणातून उचलून भिंतीवर टांगल्या. प्रत्येकीखाली शिवणारीचं नाव. बघायला रांगा लागल्या. २००६ मध्ये अमेरिकन सरकारनं त्या गोधड्यांची टपाल तिकिटं काढली.

मग सगळं गोड झालं का? नाही. त्या नक्षीच्या चादरी, गालिचे, नाना वस्तू बाजारात आल्या. तेव्हा काही बायका म्हणाल्या, नक्षी आमची आहे, तर पैसा आम्हाला पुरता का मिळत नाही? २००७ मध्ये त्यांनी कोर्टात दावे लावले, पुढच्या वर्षी ते तडजोडीनं मिटले. दावा लावता आला, कारण गोधडी कुणाची हे लिहून ठेवलेलं होतं. जिचं नावच कुठं नाही, ती कोर्टात काय दाखवणार?

आपल्या महाराष्ट्रातही नाव जपण्याचं एक मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पोतव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. त्या नुसत्या ओव्या म्हणून लिहिल्या नाहीत, तर गाणारीचं नाव आणि गावही टिपलं. त्यामुळं आज ती ओवी कुणाच्या तोंडची हे कळतं. पिठासारख्या उडून गेल्या असत्या, त्या ओव्यांना धनीण मिळाली.

आता आपल्याकडं बघू. आपले गट महालक्ष्मी सरसला जातात, तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉल लावतात. पापड, मसाले, चटण्या, गोधड्या, मण्यांची तोरणं. विक्री होते, ती व्हायलाच हवी. पण तिथं बोर्डावर गटाचं नाव असतं. गोधडी कुणी शिवली ते कुठंच नसतं. विकत घेणारीला वाटतं गोधडी ‘गटानं’ शिवली. गट कधी सुई धरतो का? सुई धरते एखादी काशीबाई, एखादी रुक्साना.

आम्हाला वाटतं, वर्षातून एकदा तरी गावात असं एक प्रदर्शन भरावं जे विक्रीसाठी नाही, बघण्यासाठी आहे. त्याला शहरातलं दालन लागत नाही. ग्रामपंचायतीचं सभागृह चालेल, शाळेचा व्हरांडा चालेल, मारुतीच्या देवळाचा सभामंडप चालेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नाहीतरी सगळ्या जमतातच, नाहीतर ८ मार्च आहे. तिकीट नाही, दार सगळ्यांना उघडं. गावातल्या प्रत्येक वस्तीवरची, प्रत्येक जातीधर्माची बाई आली पाहिजे आणि तिच्या हातचं काहीतरी भिंतीवर लागलं पाहिजे. नुसत्या बघ्या नकोत. जहांगीरला जे सगळ्यांना देता येत नाही, ती भिंत गावात सगळ्यांना देता येते.

गोधडी दोरीवर टांगा, म्हणजे दोन्ही बाजूंचे टाके दिसतील. रांगोळी, नागाची चित्रं जुन्या तक्त्यावर काढा, म्हणजे सायंकाळी पुसली जाणार नाहीत. विणलेल्या टोपल्या, शिंकी, बाळाची कुंची, गौरीचे मुखवटे, सगळं आणा. म्हाताऱ्या बायांना खुर्ची द्या आणि त्यांनाच सांगू द्या हे कसं करायचं. शाळेच्या पोरींना वही देऊन बसवा, त्या लिहून घेतील.

आणि प्रत्येक वस्तूखाली एक पुठ्ठ्याची चिठ्ठी लावा. वर मोठ्या अक्षरात करणारीचं स्वतःचं नाव. मग गाव, कोणत्या सालात केलं, कशापासून केलं. गोधडी कुणाच्या लुगड्याची आहे तेही लिहा. विकायची नसेल तर तसं लिहा, विकायची असेल तर किंमत लिहा. चिठ्ठी, वस्तू आणि ती बाई, तिघांचा एकत्र फोटो मोबाइलवर काढा. सगळी यादी गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत उतरवा आणि सह्या-अंगठे घ्या. उद्या ती नक्षी कुणी छापली, तर ही वही उपयोगी पडेल.

सगळ्यांत अवघड काम त्या चिठ्ठीवरची पहिली ओळ आहे, एवढं मात्र आधीच सांगतो. गावोगाव आम्ही विचारतो, “ही गोधडी कुणी शिवली?” उत्तर येतं, “आमच्या आजेसासूबाईंनी.” “त्यांचं नाव काय?” मग सगळ्या एकमेकींकडं बघतात. त्यांना सगळे म्हातारी म्हणत, नाहीतर थोरल्या पोराच्या नावानं आई म्हणत. पाळण्यातलं नाव कुणी घेतलंच नाही. गोधडी सत्तर पावसाळे टिकली, नाव टिकलं नाही.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याला चोंडीच्या लेकीचं, अहिल्यादेवींचं नाव मिळालं. जिल्ह्याला एका बाईचं नाव लागतं, मग आपल्या हातच्या कामाला आपलं नाव लागायला काय हरकत आहे? या आठवड्यात एक काम करा. घरात नाहीतर शेजारी जी सगळ्यांत वयस्कर बाई असेल तिच्याजवळ बसा. तिनं हातानं काय काय केलं ते विचारा आणि तिचं माहेरचं, पाळण्यातलं नाव विचारून वहीत लिहून ठेवा. प्रदर्शन भरेल तेव्हा भरेल, चिठ्ठी आजच तयार ठेवू.